पाणी किती वाजता आलं, हे लिहून कोण ठेवतं?

धुळे-सोलापूर महामार्गाने बीडकडे निघालं, की वडीगोद्री मागे पडल्यावर आणि शहागडचा गोदावरीवरचा पूल येण्याआधी अंकुशनगर लागतं. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांचं नाव तिला मिळालं आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. हंगाम संपला की ही सगळी गर्दी ओसरते. पाणी, दिवे आणि सफाई यांची गरज मात्र बारा महिने असते.

कारखान्याभोवतीच्या अशा वस्तीत एकाच गल्लीवर कितीतरी मालक असतात. विजेच्या तारा महावितरणच्या. गावातला नळ ग्रामपंचायतीचा. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतली व्यवस्था सहसा कारखाना पाहतो. समोरचा महामार्ग केंद्र सरकारचा. शेताला येणारं कालव्याचं पाणी जलसंपदा विभागाचं. इथून तालुक्याच्या गावी, अंबडला गेलं की नगरपरिषद येते, आणि जालन्यात तर आता महापालिका आहे. सेवा देणाऱ्यांची संख्या भरपूर आहे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांचीही. तरीसुद्धा 'परवा नळाला पाणी का आलं नाही' या साध्या प्रश्नाचं उत्तर अधिकृतपणे कोणाला मागायचं, हे गावातल्या जाणत्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. कारण देखरेखीची ठिकाणं सगळी दूर आहेत आणि ज्या नोंदींवर ती चालायची, त्या नोंदी गावातच कुणी वाचत नाही.

आधी विजेचं पाहू, कारण देखरेखीची सर्वांत पक्की चौकट विजेलाच मिळाली आहे.

१९९९च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. तोपर्यंत विजेचा दर म्हणजे सरकार आणि वीज मंडळ यांच्यात ठरणारी बाब होती. आयोग आल्यावर दर ठरवण्याची रीतच बदलली. पुढे २००३चा विद्युत कायदा आला, २००५च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. आता दर वाढवायचा तर महावितरणला आयोगापुढे याचिका घेऊन जावं लागतं. खर्च किती, वीज विकत किती घेतली, वाटेत किती गळली, वसुली किती झाली हे सगळं मांडावं लागतं. याचिकेचा सारांश वर्तमानपत्रात छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि राज्यात ठिकठिकाणी जाहीर सुनावणी होते. कुणीही वीजग्राहक तिथे उभा राहून बोलू शकतो.

याने काय फरक पडला, याचं एक ठळक उदाहरण शेतीपंपांचं आहे. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. ग्राहक संघटनांनी आणि पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी सुनावण्यांमधून वर्षानुवर्षं एकच प्रश्न लावून धरला: शेतीच्या नावावर दाखवलेली सगळी वीज खरंच शेतात जाते, की गळती आणि चोरी त्या आकड्याखाली झाकली जाते? सुनावणी जाहीर असल्यामुळे हा प्रश्न नोंदीवर आला. आयोगाला त्याची दखल घ्यावी लागली, फिडरवर मोजणी करण्याचा आग्रह वाढला. शेतकऱ्याच्या माथी मारलेला आकडा तपासायला शेतकऱ्याच्याच बाजूने माणसं उभी राहू शकली, ही लहान गोष्ट नाही.

दुसरी तरतूद सेवेच्या दर्जाची. आयोगाने २००५ साली कृतीची मानकं घालून दिली आणि नंतर ती वेळोवेळी सुधारली. गावात ज्याला लोक 'डीपी जळाली' म्हणतात, ते रोहित्र बिघडलं तर पहिल्या मानकांप्रमाणे शहरी भागात २४ तासांत आणि ग्रामीण भागात ४८ तासांत पुरवठा पूर्ववत व्हायला हवा होता. उशीर झाला तर दर तासाला ५० रुपये भरपाई ठरवलेली होती. तक्रार घेऊन ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, तिथे वकिलाची गरज नाही. मंचाच्या निकालाने समाधान झालं नाही तर मुंबई आणि नागपूर इथे विद्युत लोकपाल आहेत.

हे सगळं कागदावर भक्कम आहे, आणि बऱ्याच अंशी व्यवहारातही. अडचण येते ती अंतराची. अंकुशनगरच्या शेतकऱ्याची डीपी ऐन रब्बीत जळते. ज्वारी-गहू पाण्यावर आलेला असतो, ऊस उभा असतो. तो लाइनमनला फोन करतो, मग सबस्टेशनवर जातो, मग चार शेतकरी मिळून रोहित्र न्यायला-आणायला ट्रॅक्टर देतात. या धावपळीत तक्रार लेखी देऊन तिचा क्रमांक घ्यायचं राहून जातं. घड्याळ सुरू होतं ते तक्रारीच्या नोंदीपासून. नोंदच नसेल तर ४८ तास कुठून मोजणार? मंच परिमंडळाच्या पातळीवर, जाहीर सुनावणी विभागाच्या शहरात. एका तासाच्या भरपाईपेक्षा एका खेपेचं एसटीचं भाडं जास्त. म्हणून हक्क आहे, पण मागणारा विरळा.

पाण्याकडे वळलं की चित्र वेगळं दिसतं. विजेसारखा एकच आयोग इथे नाही. गावाला वेगळी पद्धत, शहराला वेगळी, धरणाला तिसरी.

गावापासून सुरुवात करू, कारण या विषयात खेड्याकडून शहराने शिकण्यासारखं बरंच आहे. ग्रामपंचायतीत ग्राम पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याची जबाबदारी जलसुरक्षकाची. हे काम दिसायला किरकोळ आहे, पण त्यावर गावाचं आरोग्य अवलंबून असतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की ते उडून जातं आणि उरतो तो नुसता चुना. अशी पावडर कितीही ओतली तरी जंतू मरत नाहीत. म्हणून तपासणी टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या नळाला करावी लागते. जलसुरक्षक किंवा आरोग्य कर्मचारी काचेच्या लहान नळीत नळाचं पाणी घेतो, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पेटीवरच्या रंगाच्या पट्टीशी तो पिवळा रंग जुळवून बघायचा. शेवटच्या घरी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं अशी अपेक्षा आहे. पाणी पांढरं राहिलं तर ओटी टेस्ट 'निगेटिव्ह', आणि तसं वहीत लिहायचं.

याच्या जोडीला महाराष्ट्रात कार्डांची पद्धत आहे. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो. विहिरीभोवती उकिरडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, पाइप गटारातून गेला आहे का, पावडरचा साठा आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त, हिरवं म्हणजे कमी. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवलं की चंदेरी कार्ड. या पद्धतीत त्रुटी आहेत, पाहणी घाईत उरकली जाऊ शकते. पण तिचा एक मोठा गुण आहे: निकाल एका रंगात येतो आणि तो न शिकलेल्या माणसालाही कळतो. लाल कार्ड आलं तर ग्रामसभेत कुणीही उठून सरपंचाला विचारू शकतं. ग्रामसभा कायद्याने वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि तिथे प्रत्येक मतदार सदस्य असतो.

आणि इथेच एक फार महत्त्वाची गोष्ट घडली, जिची चर्चा पुरेशी झाली नाही.

२०१४-१५च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचं रूपांतर नगरपंचायतींत करण्याचं धोरण राबवलं. जालना जिल्ह्यात घनसावंगी, बदनापूर, मंठा, जाफ्राबाद ही गावं अशी शहरं झाली. निधी वाढला, मुख्याधिकारी आले, विकास आराखड्याची भाषा सुरू झाली. त्याच दिवशी तिथली ग्रामसभा संपली. ज्या माणसाला काल सरपंचाला भर सभेत जाब विचारता येत होता, त्याला आज नगरपंचायतीच्या सभेत बोलण्याचा अधिकार उरला नाही; तिथे फक्त नगरसेवक बोलतात. शहरांसाठी ग्रामसभेच्या धर्तीवर क्षेत्रसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये केली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती. तिच्यातून ही तरतूद आली. कायदा झाला, पण क्षेत्रसभा नियमित भरते असं छोटं शहर शोधूनही सापडणं कठीण आहे. गावाचं शहर झालं तेव्हा नागरिकाच्या हातातलं देखरेखीचं सर्वांत धारदार साधन काढून घेतलं गेलं आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही, असंच म्हणावं लागतं.

नगरपालिकेत कायद्याने कोण कोण लक्ष ठेवतं? १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती आणि औद्योगिक नगरी अधिनियम हा सगळ्याचा पाया. पाणी, दिवाबत्ती, गटारं, सफाई ही परिषदेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. पैसे उरले तर करायची कामं नव्हेत. पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण यासाठी विषय समिती असते, तिचा सभापती असतो. मुख्याधिकारी शासनाचा. परिषदेचा ठराव कायद्याला किंवा जनहिताला सोडून असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. वर नगरपालिका प्रशासनाचं संचालनालय आहे. हिशेब तपासायला स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग येतो. त्याचा मूळ कायदा १९३० सालचा आहे. लेखापरीक्षक आक्षेप काढतात, पालिका अनुपालन पाठवते, आणि वर्षं जातात. लेखापरीक्षा खर्चाचा कागद तपासते. पाणी आलं की नाही, हा तिचा प्रश्नच नव्हे.

यात नगराध्यक्ष नेमका कोणाला जबाबदार, हेही स्थिर राहिलेलं नाही. २०१६ मध्ये तो थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. सरकार बदललं की निवडीची रीत बदलते, आणि उत्तर मागायचं कोणाला हे लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत नियम पालटलेला असतो.

त्याहून गंभीर काळ नंतर आला. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१च्या अखेरीस ते २०२२च्या सुरुवातीला संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला आणि नगरपरिषदांसाठी मतदान झालं ते डिसेंबरमध्ये. जालन्याची नगरपरिषद ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिका झाली, पण तिच्या पहिल्या निवडणुकीला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्यांतले अनेकजण मेहनती असतील. तरी पाणीपट्टी ठरवणारा, कंत्राट देणारा, काम तपासणारा आणि बिलावर सही करणारा एकच माणूस असणं ही देखरेखीची व्यवस्था नाही. विषय समितीच्या बैठकीत एखादा नगरसेवक 'आमच्या प्रभागात आठ दिवस पाणी नाही' म्हणून हटून बसतो, तेव्हा तो कधी राजकारण करत असतो, पण तो प्रश्न इतिवृत्तात येतो. चार वर्षांत असे किती प्रश्न इतिवृत्तात आलेच नाहीत, याची मोजदाद कुठेच नाही.

मोजदादीचा विषय निघालाच आहे, तर आकड्यांकडे नीट पाहायला हवं. २००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सेवा पातळीचे मानदंड जाहीर केले: माणशी रोज १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा, शंभर टक्के मीटर, हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत, तक्रारींपैकी ८० टक्के वेळेत निकाली, खर्चाची पूर्ण वसुली. तेराव्या वित्त आयोगाने तर ही उद्दिष्टं राजपत्रात प्रसिद्ध करणं ही अनुदानाची अट केली. प्रत्येक पालिकेचा तक्ता निघू लागला. त्याच सुमारास महाराष्ट्राने सुजल निर्मल अभियान आखलं: पाण्याचा लेखाजोखा, ऊर्जेचा लेखाजोखा, ग्राहक सर्वेक्षण, जलवाहिन्यांचे नकाशे अशी सुधारणांची यादी त्यात होती. विचार अगदी योग्य होता.

पण तक्ता भरणारा कारकून हे आकडे आणतो कुठून? बहुतेक छोट्या शहरांत घरोघरी मीटर नाही. पाणीपट्टी वर्षाला ठोक आकारली जाते, मग पाणी रोज येवो की आठवड्याने. उपसा केंद्रावर प्रवाहमापक बसवला असला तरी चालू असेलच असं नाही. मग पंप किती तास चालला ते लॉगबुकमधून घ्यायचं, पंपाच्या क्षमतेने गुणायचं, आणि तेवढं पाणी 'पुरवलं' असं धरायचं. जुना पंप झिजलेला असतो, वाटेत एअर व्हॉल्व्ह उडतात, पाइप फुटतात, ते सगळं या गुणाकारात दिसत नाही. अशा आकड्याला लोकसंख्येने भागून निघालेले माणशी लिटर मुंबई-दिल्लीपर्यंत जातात. त्यात आणखी एक गुंता आहे. जलजीवन मिशनप्रमाणे गावात माणशी ५५ लिटर, भुयारी गटार नसलेल्या शहरात ७० लिटर, आणि मानदंडाच्या तक्त्यात १३५. एका नदीकाठच्या, पाच-पंचवीस किलोमीटरच्या टापूत राहणाऱ्या माणसांची तहान तीन वेगळ्या मापांनी मोजली जाते.

खरी नोंद असते ती वॉलमनच्या डोक्यात. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, चढावरच्या वस्तीला दाब कसा द्यायचा, कोणत्या ठिकाणी चेंबरमध्ये गटाराचं पाणी झिरपतं, हे त्याला पाठ असतं. पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो फिरतो, चेंबरचं झाकण सरकवतो, चावी खाली सोडून जोर लावतो. लोकांचा राग त्याच्यावर, आणि त्याची नेमणूक बहुतेक वेळा कंत्राटी. सोडल्याची आणि बंद केल्याची वेळ त्याने रोज एका वहीत लिहिली आणि ती वही प्रभागात वाचायला मिळाली, तर सेवा पातळीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ती अधिक सांगेल. ही गोष्ट बिनखर्चाची आहे.

मोजलं की काय होतं, हे पाहायचं तर साताऱ्याच्या कराडला लागून असलेलं मलकापूर आहे. कोयनेच्या पाण्यावर या छोट्या गावाने चोवीस तास पाण्याची योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांच्या साहाय्याने उभी केली. घराघराला मीटर बसले, तेही दुरून रेडिओ लहरींनी वाचता येणारे. गंजणाऱ्या जुन्या जोडण्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. जितका जास्त वापर तितका चढा दर, अशी टप्प्यांची आकारणी ठेवली. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी ही भीती खोटी ठरली: पाणी कायम आहे म्हटल्यावर साठवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून द्यायची गरजच राहिली नाही. पंतप्रधानांच्या लोकप्रशासन पुरस्कारापर्यंत या कामाची दखल गेली. कोयनेकाठ आणि मराठवाडा यांची तुलना सरसकट करता येणार नाही, हे खरं. पण मीटर, दाब आणि बिल यांचा मेळ घालायला नदी बारमाही असावी लागत नाही. उलट पाणी कमी असेल तिथे त्याची गरज जास्त.

कारण मराठवाड्यात नळाचं पाणी मुळातच दुरून येतं. जालना शहराला निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातून उताराने पाणी मिळे. शहर वाढलं, ते पुरेना. मग शहागडजवळून, म्हणजे अंकुशनगरच्या जवळूनच, गोदावरीचं पाणी जालन्याला नेण्याची योजना झाली. तीही अपुरी पडली. २०१२-१३च्या दुष्काळाने जालन्याची जी दैना केली, ती लोक विसरलेले नाहीत. टँकरच्या रांगा आणि कोरडा घाणेवाडी. पैठणच्या जायकवाडीतून अंबडमार्गे येणारी जलवाहिनी त्या काळात शहराचा आधार ठरली. लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला, तो शेतात नेऊन टाकला. देखरेखीचा हाही एक प्रकारच म्हटला पाहिजे, आणि कोणत्याही शासन निर्णयाशिवाय उभा राहिलेला.

जायकवाडीची देखरेख आणखी वरच्या पातळीवर होते. २००५च्या कायद्याने महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवल्यावर खाली जायकवाडीला काय उरतं, या वादात मेंढेगिरी समितीचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ठरलेल्या टक्केवारीपेक्षा, साधारण ६५ टक्क्यांहून, कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस याच सूत्राने ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर मोर्चे निघाले, न्यायालयात धाव घेतली गेली. अंबडच्या किंवा जालन्याच्या नळाला उन्हाळ्यात काय येणार, हे दसरा-दिवाळीच्या सुमारास ठरतं. इथे मात्र मोजणी चोख आहे: धरणाची पातळी रोज जाहीर होते, आणि म्हणूनच मराठवाड्यातला चहाच्या टपरीवरचा माणूसही नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, टक्केवारी सांगू शकतो. जे आकडे लोकांपर्यंत रोज पोचतात, त्यांवर लोक भांडतात. इतकं ते सरळ आहे.

सेवा खाजगी कंपनीकडे दिली की देखरेख आपोआप सुधारते, या समजाची परीक्षा शेजारच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दोनदा झाली. २०११ मध्ये शहराचं वीजवितरण जीटीएल या फ्रँचायझी कंपनीकडे गेलं आणि २०१४ मध्ये थकबाकीच्या वादातून महावितरणने ते परत घेतलं. समांतर जलवाहिनीसाठी शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम २०१४ मध्ये खाजगी कंपनीकडे सोपवलं, आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करारही मोडला. दोन्ही वेळा कराराचे तपशील समजून त्यावर पहिल्या दिवसापासून बोट ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा शहरात नव्हती. वाद पेटल्यावर सगळे जागे झाले.

अशा स्वतंत्र देखरेखीचं जगातलं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं आहे. १९०७ मध्ये तिथे सार्वजनिक सेवांवर राज्य आयोगाची देखरेख सुरू झाली, आणि त्यात छोट्या गावांच्या नगरपालिकांचे पाणीपुरवठा विभागही आले. एखाद्या लहान गावाला पाण्याचा दर वाढवायचा असला तरी आयोगापुढे हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे विजेला हा नियम आहे, पालिकेच्या पाण्याला नाही. पाणीपट्टी सभेत ठरावाने वाढते, आणि राजकीय भीतीने बहुतेक वेळा वाढतच नाही. मग विजेचं बिल थकतं. महावितरण नोटीस देतं, कायद्याने १५ दिवसांची मुदत संपली की उपसा केंद्राची वीज तोडू शकतं. पथदिव्यांचीही तीच गत. एका सार्वजनिक सेवेची थकबाकी दुसऱ्या सार्वजनिक सेवेला बंद पाडते, हा अनुभव मराठवाड्यातल्या पालिकांना नवा नाही, आणि ज्यांनी पट्टी वेळेवर भरली त्यांच्याही नळाला तेव्हा पाणी नसतं.

नागरिकाच्या हातात आज काय आहे? २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने नवी नळजोडणी, दाखले अशा सेवांना मुदत घातली. मुदत चुकली तर अपील करता येतं, शेवटी आयोगाकडे जाता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण हा कायदा अर्जावर चालतो. जोडणी वेळेत मिळाली का, हे तो विचारतो. जोडणीतून पाणी आलं का, हे विचारत नाही.

दुसरं साधन कमी लोकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहण्याची मुभा दिली. माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट पाहायची गरज नाही. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तिथल्या कार्यकर्त्यांनी ती वापरून दाखवली होती.

अंबड, भोकरदन, परतूर इथे आता नव्या परिषदा आल्या आहेत, जालन्यात पहिली महापालिका बसली आहे, पाणीपट्टीचे ठराव यांच्यासमोर येतील. त्याआधी एखाद्या सोमवारी प्रभागातल्या चार-पाच बाया-माणसांनी पालिकेत जाऊन पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर चार वह्या मागाव्यात: उपसा केंद्राचं लॉगबुक, टीसीएलच्या साठ्याची नोंदवही, ओटी टेस्टची वही आणि तक्रार वही. आपल्या गल्लीला पाणी आलं तो दिवस लॉगबुकातल्या तासांशी लावून पाहावा. ओटी टेस्टची जागा शेवटच्या नळाची आहे की टाकीजवळच्या घराची, ते विचारावं. तक्रार वहीतली शेवटची तारीख कोणती आहे, ते लिहून घ्यावं, आणि वही कोरी निघाली तर तिथेच, त्याच पानावर, पहिली तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागावा.